ग्लासातली थुंकी आणि साडेअकरा हजार रुपये

वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजाराकडे ‘महिला हार्मोन शिबिर’ भरलं होतं, फुकट तपासणीचं. तुमच्या सोसायटीत तसलं काही आलं तर आधी हे वाचा.

अंगावरून फाटलेल्या दुधासारखं पांढरं जायचं, खाज अशी की रात्र रात्र झोप नाही. औषधाने थांबायचं, पुन्हा सुरू. शिबिरातल्या बाईंनी मला पाण्याच्या ग्लासात थुंकायला लावलं. पंधरा मिनिटांनी थुंकीचे दोरे खाली लोंबले. “जुओ बेन, कॅन्डिडा! आ बधुं पेली गोळीने लीधे.” म्हणजे, बघा ताई, ही कॅन्डिडा नावाची बुरशी, हे सगळं त्या गोळीमुळे. गर्भनिरोधक गोळ्या आजच बंद, चार हजार आठशेचा ‘यीस्ट डिटॉक्स’ सुरू. मग सहा हजार सातशेचा ‘दुसरा टप्पा’, सोबत लेबल नसलेली मलमाची डबी. पैसे आधी, बिल नाही.

नंतर घरी सासूबाई, नवरा आणि शेजारची दहावीतली मुलगी अशा तिघांना थुंकायला लावलं. तिन्ही ग्लासांत दोरे! तोंड सुकलं की लाळ घट्ट होते आणि बुडते, एवढंच. योनीतल्या बुरशीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

बाईंचं बोलणं धादांत खोटं असतं तर कुणी फसलंच नसतं. गोळीतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वाढतं, त्यावर बुरशी पोसते, म्हणून काहींना गोळीवर हा त्रास वाढतो, विशेषतः इस्ट्रोजेनचा डोस जास्त असेल तर. पण गोळी सोडली तर दुसरं काय वापरायचं, हे त्या चकार शब्दाने बोलल्या नाहीत. पुढे पाळी लांबली तेव्हा पोटात गोळा आला होता. सुदैवाने तसं काही नव्हतं.

मलमाने मात्र दोन दिवसांत खाज गायब. बाईंची कीर्ती मीच चार जणींना सांगितली. मग खाज दुपटीने आली, कातडी लाल, सोललेली. डबी बघून स्त्रीरोगतज्ज्ञांना स्टेरॉइडचा संशय आला. त्याने खाज दबते, पण आत बुरशीला मोकळं रान मिळतं.

डॉक्टरांनी योनीतल्या स्रावाचा नमुना (स्वॅब) कल्चरला, म्हणजे कोणती बुरशी वाढते ते बघायला, पाठवला आणि साखर तपासली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.८ टक्के! वाढलेल्या साखरेवरही ही बुरशी फोफावते, आणि शिबिरात साखरेचं कुणी विचारलंही नव्हतं. कल्चरमध्ये कॅन्डिडा अल्बिकन्स निघाली. तीन दिवसांच्या अंतराने फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, मग सहा महिने आठवड्याला एक. ती मनाने घेऊ नका, गरोदरपणात तर नाहीच. बुरशी दुसऱ्या जातीची असेल तर ती लागू पडेलच असंही नाही. गर्भनिरोधक गोळीऐवजी आता कॉपर-टी आहे.

डिटॉक्सच्या पुड्यावर बारीक अक्षरांत छापलंय, ‘औषधी वापरासाठी नाही’. पैसे मागितल्यावर बाईंनी तीच ओळ पुढे केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार टाकली आहे. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जोडले. तुमच्याकडेही असतील तर पुसू नका.