गॅस न पेटवता रात्रीचं जेवण: बाळीवेशीतल्या मावशींची कडक भाकरी

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात संध्याकाळी सात वाजता गॅससमोर उभं राहायचं म्हणजे काय असतं ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. दुपारी पारा ४२-४३ ला जाऊन आलेला असतो, आमचं घर जुळे सोलापुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत आग ओकत असतो, आणि त्यात आपण पोळ्या लाटायला उभं राहायचं. पंखा लावला की गॅसची ज्योत फडफडते, बंद केला की मानेवरनं घामाच्या धारा. आणि एवढं करून ताट वाढलं तर गरम आमटी-भात बघूनच घरातल्यांची भूक मरते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई, वय ७४, सलग चार दिवस रात्री नुसतं पाणी पिऊन झोपल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी उठताना त्यांना चक्कर आली, तेव्हा मात्र मी ठरवलं की रात्रीच्या जेवणाचं काहीतरी वेगळं केलंच पाहिजे.

तर हा रिव्ह्यू त्यासाठी आहे. बाळीवेशीतून आत गेलं की एका गल्लीत एक मावशी घराच्या पुढच्या खोलीतच कडक भाकरी करून विकतात. दुकानाला पाटी नाही, बाहेर एक काचेचं कपाट, त्यात भाकऱ्यांची पाकिटं, शेंगा चटणीचे डबे आणि ज्वारीच्या लाह्या, एवढंच. मी गेल्या वर्षीच्या मेपासून घेतेय, यंदा मार्चपासून तर दर आठवड्याला. म्हणजे एकदा खाऊन लिहिलेलं नाहीये हे, दोन उन्हाळे वापरून लिहितेय.

सोलापूरकरांना कडक भाकरी काय ते सांगायला नको, पण बाहेरचे वाचत असतील तर सांगते. नेहमीची ज्वारीची भाकरी असते तीच, फक्त कागदासारखी पातळ थापायची आणि भाजून झाल्यावर मंद आचेवर ठेवून तिच्यातलं पाणी पूर्ण घालवायचं. तेल नाही, तूप नाही. पाणीच राहत नाही म्हणून ती बिघडत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात आरामात पंधरा-वीस दिवस टिकते. कर्नाटकात हिलाच खडक रोट्टी म्हणतात, आणि सोलापूर हे असं गाव आहे की एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही ऐकू येतात, त्यामुळं हे खाणं नक्की कुणाचं यावर इथं कुणी भांडत नाही, सगळेच खातात.

आता मावशींच्या भाकरीत वेगळं काय. मी एकदा सकाळी साडेसहाला गेले होते तेव्हा त्यांचं काम चालू होतं, म्हणून नीट बघायला मिळालं. उकळतं पाणी घालून पीठ मळतात, कारण ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, गरम पाण्यानंच ते पीठ धरून राहतं. मग एवढासा गोळा, आणि परातीत थापायला सुरुवात. हात गोल फिरतोय, भाकरी फिरतेय, कड कुठंही फाटत नाही, बघता बघता परातीएवढी होते आणि इतकी पातळ की उचलली तर पलीकडची बोटं दिसतील असं वाटतं. तव्यावर टाकून वरनं पाण्याचा हात, उलटली, आणि मग घडी केलेल्या सुती फडक्यानं कडेकडेनं दाबत दाबत भाजायची, कुठं फुगू द्यायची नाही. त्यानंतर निखाऱ्यांसमोर ओळीनं उभ्या करून ठेवतात. मी विचारलं किती वेळ, तर म्हणाल्या, "घड्याळ कशाला लागतंय गं, टिचकी मारून बघायचं की. टण्ण वाजली पाहिजे." आणि एक उचलून माझ्या कानाशी टिचकी मारून दाखवली. खरंच टण्ण वाजली.

हे सगळं एवढं का सांगतेय तर कडक भाकरी चांगली की वाईट हे त्या शेवटच्या वाळवण्यावरच ठरतं. मागं एकदा उन्हात जायचा कंटाळा आला म्हणून मी दुसरीकडनं घरपोच मागवली होती. दिसायला छान, पाकीट एकदम चकाचक, पण भाकरी जाड होती आणि मधे ओलसर राहिलेली, मोठ्या आचेवर पटकन वाळवलेली असणार, वरनं काळे डाग आणि आतनं चामट. ताकात घातली तर दहा मिनिटांनी पण मधला भाग चिवटच, सासूबाईंना चावेना. सहाव्या दिवशी तिला वास यायला लागला. ते पाकीट टाकून दिलं, आणि भाकरी टाकायला किती जीवावर येतं ते वेगळं सांगायला नको. मावशींची भाकरी हातात धरून मोडली की स्वच्छ मोडते, तुकडे पडतात, पीठ होत नाही.

ज्वारी पण चांगली आहे हे चवीला कळतं. मावशी मंगळवेढ्याकडची मालदांडी घेतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही, तिथल्या काळ्याभोर खोल जमिनीत रब्बीची ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते आणि दाणा टपोरा, पांढराशुभ्र, गोडसर असतो. फेब्रुवारीत काढणी झाली की मार्चपासून नवी ज्वारी बाजारात, म्हणजे बरोबर उन्हाळा तापायला लागतो तेव्हा भाकरी नव्या ज्वारीची असते. मावशी पीठ तीन-चार दिवसांपुरतंच दळून आणतात. "शिळ्या पिठाची भाकर थापायला येत नाही, कडंला चिरती," असं त्यांचं म्हणणं, आणि ज्यांनी घरी भाकरी केलीय त्यांना हे पटेल.

आता खायची कशी, कारण खरा मुद्दा हा आहे. आमच्याकडं आठवड्यातनं चार दिवस रात्रीचं जेवण असं असतं: एका खोलगट वाडग्यात दीड-दोन भाकऱ्या हातानं चुरायच्या, फार बारीक नाही, नखाएवढे तुकडे राहू द्यायचे. त्यावर माठाशेजारी ठेवलेलं गार ताक, ताकात मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, भरपूर कोथिंबीर. ओतल्यावर लगेच खायचं नाही. चार-पाच मिनिटं थांबायचं. मधले तुकडे मऊ होऊन ताक पिऊन घेतात, वरचे जे बुडाले नाहीत ते कुरकुरीत राहतात, आणि घास घेतला की दोन्ही एकदम लागतं, थंड आणि कुरकुरीत. सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. कांदा सुरीनं कापू नका, फोडलेल्या कांद्याची चव वेगळीच. सासूबाई हे एक वाडगं भरून खातात आणि वर परत मागतात, मी पहिल्यांदा त्यांना "अजून आहे का गं?" म्हणताना ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

मुलगा आठवीत आहे, त्याला ताकात भिजवलेलं आवडत नाही, तो अख्खी भाकरी ताटात घेतो, वर घट्ट दही पसरतो, दह्यावर शेंगा चटणी, त्यावर काकडी-टोमॅटो बारीक चिरून आणि कैरी किसून, आणि पटापटा खातो, कारण दही मुरलं की भाकरी मऊ पडते. त्याचे मित्र आले तर तेही हेच मागतात. मोड आलेली मटकी असेल तर तीही कच्चीच वर घालायची, लिंबू पिळायचं.

नवऱ्याला मात्र नुसती भाकरी, चटणी आणि वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार. त्यावर काही बोलायलाच नको, तो सोलापूरचाच माणूस आहे.

चटणीबद्दल वेगळं सांगते. मावशींकडची शेंगा चटणी कांडलेली आहे, मिक्सरमधली नाही. दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, बस. कांडल्यामुळं दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मोकळी न राहता हातात गोळा होईल अशी होते, आणि तिच्यात मधेच अर्धा दाणा लागतो. मिक्सरला ही चव येत नाही, मी घरी किती वेळा करून बघितलं. पाव किलो ९० रुपयांना देतात. तिखट आहे, लहान मुलांना द्यायची तर दह्यात कालवून द्या. आणि एक लक्षात ठेवा, तेल सुटलेली चटणी उष्णतेनं लवकर खवट होते. मी एकदा गाडीच्या डिकीत दुपारभर विसरले, मग दोन दिवसांत तिला वास लागला, ती चूक माझी. उन्हाळ्यात चटणी फ्रिजमध्येच ठेवायची, पाव किलोपेक्षा जास्त घ्यायचीच नाही.

लाह्या पण घेते. दही-लाह्या म्हणजे ज्या रात्री अजिबातच काही करावंसं वाटत नाही तेव्हाचं जेवण, दोन मिनिटांत होतं. आणि मावशींनीच एकदा अंबील सांगितली, ती आता आमच्याकडं दर रविवारी होते: रात्री दोन चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी सहाला उठलं की तीन भांडी पाणी उकळून त्यात हे ओतून सतत ढवळत शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, मग पातेलं पाण्यात ठेवून गार करायचं आणि फ्रिजमध्ये. रात्री त्यात ताजं ताक, मीठ, ठेचलेला लसूण घालून भांड्यातनं प्यायची. गॅस पेटतो पण सकाळी सहाला, तेव्हा घर जरा थंड असतं. बाकी दिवसाचं जे काही शिजवायचं ते मी सकाळीच उरकते.

अजून एक फायदा सोलापूरच्या बायकांना लगेच कळेल. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात एकेक बादली मोजून वापरायची. कढई, तवा, पोळपाट, कुकर यातलं काहीच रात्री निघत नाही, चार वाडगी आणि एक ताकाचं भांडं, संपलं. खरं सांगते, मला जेवणाइतकाच हा आराम महत्त्वाचा वाटतो.

तक्रारी आहेतच, त्याही सांगते. एक म्हणजे पाकीट. साध्या पातळ पिशवीत दहा भाकऱ्या घालून देतात, ८० रुपयांना, आणि गाडीवरनं घरी येईपर्यंत खालच्या दोन-तीन मोडतातच. चुरून खायच्या असल्या तर चालतं, पण पाहुण्यांना अख्खी वाढायची असेल तर नाही चालत. मी आता घरनं मोठा गोल स्टीलचा डबा घेऊन जाते, त्यात मावशी स्वतः रचून देतात, मधे जुनं सुती कापड घालून. दुसरी गोष्ट, बाजरीची तीळ लावलेली कडक भाकरी पण त्या ठेवतात, ती चवीला छान आहे पण उन्हाळ्यात उष्ण पडते, आम्ही ती संक्रांतीच्या आसपासच घेतो, तुम्ही पण आत्ता ज्वारीचीच घ्या. तिसरं, चटणीत मीठ कधी कधी जास्त असतं. मी सांगितलं तर मावशींनी वाईट वाटून न घेता चमच्यानं चाखून बघितलं आणि "व्हय गं, हात जड पडला" म्हणाल्या, पुढच्या वेळी बरोबर होती. ज्यांना बीपी आहे त्यांनी मात्र ताकात मीठ घालताना चटणीतलं मीठ धरूनच घाला.

मऊ पडलेली भाकरी टाकून देऊ नका. पहिला वळवाचा पाऊस झाला की हवेतली ओल लगेच धरते आणि वाकायला लागते. तवा मंद गरम करून दोन्ही बाजूंनी मिनिटभर ठेवली की परत कडक होते, आणि हे पण सकाळीच करून ठेवायचं.

जायची वेळ सकाळी सात ते बारा. दुपारी त्या बंद ठेवतात आणि ठेवायलाच पाहिजे, निखाऱ्यांपुढं बसून काम आहे त्यांचं. मी एकदा दीड वाजता गेले तर दार उघडून आधी पाणी दिलं, मग रागावल्या, "एवढ्या उन्हात कशाला आलीस गं, सकाळी यायचं की!" संध्याकाळी सहानंतर परत उघडं असतं पण तोपर्यंत बऱ्याचदा माल संपलेला असतो. शनिवारी तर नऊलाच संपतो. जास्त हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, ऑनलाइन पैसे घेतात, सुट्ट्याची भानगड नाही. परवा माझी बहीण पुण्याहून आली होती, तिच्यासाठी ४० सांगितल्या होत्या, मावशींनी ४२ दिल्या, वरच्या दोन कशाला विचारलं तर म्हणाल्या, "वाटंत मोडतील त्या." बहिणीचा काल फोन आला, एकही मोडली नाही, आणि सगळ्या संपत आल्यात, पुढच्या महिन्यात अजून पाठव म्हणतेय.