बर्सर्क: मंगा वाचावी की १९९७ची मालिका पाहावी?

बर्सर्कच्या नादी लागणाऱ्याला पहिला पेच हाच पडतो. केन्तारो मिऊराची मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हातात घ्यायची, की निप्पॉन टीव्हीवर १९९७-९८मध्ये दाखवलेली २५ भागांची ॲनिमेशन मालिका आधी बघायची? माझा कौल मंगाला आहे. मालिका फसली आहे असं मात्र नाही. तिने गोष्टच वेगळी निवडली आहे.

मंगाचे पहिले तीन खंड वाचताना नायक गट्स आवडत नाही, आणि तो आवडावा अशी मिऊराची इच्छाही दिसत नाही. एक डोळा गेलेला, डाव्या हाताच्या जागी लोखंडी हात, त्यात दडवलेली तोफ, पाठीवर माणसापेक्षा लांब तलवार. एक म्हातारा पाद्री त्याला आपल्या गाडीत जागा देतो. रात्री गट्सच्या मागावर असलेली पिशाच्चं येतात आणि त्यात पाद्रीही मरतो, सोबतची मुलगीही. गट्स मात्र तोंडाने कुणाचीच कीव करत नाही. बरोबर असलेला पक नावाचा चिमुकला एल्फ त्याच्यावर चिडतो, ओरडतो. खरं तर तो आपल्याच वतीने भांडत असतो.

मालिकेने हा सगळा भाग एका एपिसोडमध्ये गुंडाळलाय आणि पकला तर घेतलेलंच नाही. दुसऱ्या भागापासून आपण मागे जातो: भाडोत्री सैनिक म्हणून वाढलेला पोरगा गट्स, त्याला आपल्या टोळीत ओढणारा देखणा, महत्त्वाकांक्षी ग्रिफिथ आणि दोघांना जोखत असलेली कास्का. म्हणजे अँटीहिरो कसा घडला ते मालिका सांगते, आणि तो घडतो तिथेच थांबते.

पण त्या मर्यादेत ती काय सुंदर जमली आहे! दिग्दर्शक नाओहितो ताकाहाशी घाई करत नाही. मित्र कुणाला म्हणायचं, हे ग्रिफिथ राजकन्येला सांगतो आणि गट्स ते खालून ऐकतो, तो प्रसंग मालिकेत जास्त लागतो, कारण तोवर या दोघांबरोबर आपण निवांत राहिलेलो असतो. पैसे बेताचे होते हे लपत नाही. लढाईत मध्येच चित्र गोठतं, कॅमेरा नुसता त्यावरून फिरतो. सुसुमू हिरासावाचं संगीत ती पोकळी भरून काढतं. हे एक मंगाकडे नाही.

मंगाकडे चित्रं आहेत. शाईच्या बारीक रेघांनी विणलेली चिलखतं, किल्ले, राक्षस. एखाद्या दुपानी चित्रावर पाच मिनिटं सहज जातात. ती मोबाईलच्या पडद्यावर बघणं म्हणजे पैठणी पासपोर्ट फोटोत बघणं. डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशकाच्या इंग्रजी डिलक्स आवृत्तीत तीन-तीन खंड एकत्र, मोठ्या आकारात मिळतात. महाग आहेत, पण एखादा तरी घ्यावा.

हिंसेचं म्हणाल तर दोन्ही प्रौढांसाठीच. लैंगिक अत्याचार दोन्हींत आहेत. मंगात ते अधिक उघड आहेत आणि गट्सचं बालपणही त्यातून सुटलेलं नाही. याचा त्रास होत असेल तर दोन्ही सोडून द्या, काही बिघडत नाही.

आता शेवटाचं. मालिका ऐन प्रलयात तुटते. गट्स त्यातून सुटला कसा, ते सांगतच नाही. मंगा अजून चालू आहे. मिऊरा ६ मे २०२१ रोजी, ५४व्या वर्षी गेला. पुढची गोष्ट त्याने कोउजी मोरी या जुन्या मित्राला सांगून ठेवली होती. २०२२पासून मोरीच्या देखरेखीखाली मिऊराच्या सहाय्यकांचा स्टुडिओ गागा ती पुढे नेतोय. म्हणजे पूर्ण झालेलं काहीतरी हवं असेल, तर दोन्हीकडे हात रिकामेच.

२०१६-१७ची मालिका पुढच्या कथेवर आहे, पण तिचं संगणकीय ॲनिमेशन इतकं ओबडधोबड आहे की तिच्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

वाचनाची सवय असेल तर सरळ पहिल्या खंडापासून सुरुवात करा. आधी मालिकाच बघणार असाल तरी नंतर १४व्या खंडावर उडी मारू नका. पक, कवटीचा सरदार आणि इतर बरंच काही मालिकेने वगळलंय. ही मंडळी कोण, तेच कळणार नाही.