एक टॅब, पाच खाती : वर्ष होत आलं, आता लिहितेच

टॅब काल दुरुस्तीहून परत आला. रात्री बसून सगळी खाती पुन्हा उभी केली आणि डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे हे जरा तिखट होईल. मॉडेलचं नाव लिहीत नाही. स्क्रीन कशी, बॅटरी किती, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, आणि माझी निम्मी तक्रार कंपनीपेक्षा अँड्रॉइडबद्दलच आहे. दहा इंची, 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, आणि घरात हा एकच टॅब. नवरा, मी, सातवीतला थोरला, तिसरीतली धाकटी आणि मागाहून सासूबाई, अशी खाती.

एकच का, तर दोन टॅब म्हणजे दोन कव्हरं, दोन काचा, दोन चार्जर आणि एका घरात एकाच वेळी दोन खाली घातलेल्या माना. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "कटकट नको, दोन घेऊन टाक." पण टॅबवर वेगवेगळे युजर, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं खातं, करायची सोय अँड्रॉइडमध्ये 2012 पासून आहे, मग तीच गोष्ट दुप्पट पैशात कशाला करायची? आयपॅड याच मुद्द्यावर बाद झाला. घरी वापरायच्या आयपॅडवर वेगळे युजर करताच येत नाहीत, ती सोय शाळा आणि कंपन्यांनी चालवलेल्या आयपॅडपुरती आहे.

सुरुवातीचे दोन-तीन महिने मी भेटेल त्याला हे कौतुकाने सांगत होते. आधी माझ्या जुन्या फोनवर "दादाने माझी लेव्हल खेळून टाकली" हे रोज संध्याकाळचं रडगाणं होतं. ते बंद झालं. ज्याचा त्याचा पिन, ज्याचा त्याचा वॉलपेपर, ज्याची त्याची लेव्हल. दोन्ही मुलांच्या खात्यांना फॅमिली लिंक लावलं, म्हणजे मुलांच्या वापरावर आईबापांनी लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप. रोजची वेळ ठरवता येते, आणि नवीन ॲप हवं असेल तर विनंती माझ्या फोनवर येते. बहुतेक वेळा कणीक मळत असतानाच येते, पण येते.

आता मूळ दुखणं. एका खात्यातली फाइल दुसऱ्या खात्यातून दिसत नाही. खासगीपणासाठी हे बरोबर आहे, मान्य. पण माझ्या घरात खासगी काय आहे? बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, 'किशोर'चे जुने अंक, शाळेच्या ग्रुपवर येणाऱ्या वर्कशीट. 'किशोर' बालभारती 1971 पासून काढते आणि जुने अंक त्यांनी वेबसाइटवर फुकट ठेवलेत. हवे तेवढे उतरवून घ्या, पण थोरल्यासाठी एकदा आणि धाकटीसाठी पुन्हा एकदा. तेच अंक, तोच टॅब आणि 64 जीबीत त्यांच्या दोन प्रती. सगळ्यांनी मिळून वापरायचा एखादा फोल्डर द्यायला काय जड जात होतं?

आणि गंमत बघा, ॲपच्या बाबतीत हीच यंत्रणा बरोबर उलटी वागते. ॲप टॅबवर एकदाच बसतं, प्रत्येकाच्या खात्यात फक्त त्याचा डेटा वेगळा राहतो. एकाने ॲप अपडेट केलं की सगळ्यांचं होतं. थोरल्याने एक भलामोठा गेम उडवला, मला वाटलं जागा मोकळी झाली. कसली मोकळी! धाकटीच्या खात्यात तो गेम होता, म्हणून मूळ ॲप जागच्या जागी. म्हणजे गेम सामाईक चालतो, पुस्तक चालत नाही.

याचा कळस ताम्हिणी घाटात झाला. दापोलीला निघालो होतो. मुळशी मागे पडल्यावर रेंज गेली. अंक सगळे थोरल्याच्या खात्यात. धाकटीच्या खात्यात मी ड्राइव्हची लिंक टाकून ठेवली होती, तिचा घाटात काय उपयोग? त्याला म्हटलं, पिन टाक आणि तिला वाचायला दे. तर म्हणे, "माझं खातं आहे, तूच म्हणाली होतीस पिन कुणाला द्यायचा नाही." माणगाव येईपर्यंत मागच्या सीटवर महाभारत. आता मी फोनवरून क्विक शेअरने, म्हणजे जवळच्या उपकरणावर थेट फाइल धाडायच्या अँड्रॉइडच्या सोयीने, फाइल पाठवते. आधी एकाच्या खात्यात, मग युजर बदलून दुसऱ्याच्या. तीन-चार वेळा युजर बदलला की 4 जीबी रॅमचा जीव मेटाकुटीला येतो, कारण आधीची खाती मागे चालूच असतात. मग रीस्टार्ट. रीस्टार्ट केला की टॅब पुन्हा मुख्य, म्हणजे सगळ्यात पहिल्यांदा केलेल्या, खात्यावर उघडतो आणि तिथून परत आपल्या खात्यात जा.

सासूबाईंचं खातं मात्र फार सुखाचं निघालं. अक्षरांचा आकार आणि भाषा प्रत्येक खात्याला वेगळी ठेवता येते. त्यांचा टॅब मराठीत, अक्षरं ठळक आणि मोठी. पोरांचा इंग्रजीत, बारीक. चष्मा न शोधता त्या कीर्तन लावतात. एवढ्यासाठीसुद्धा मी याला अर्धा गुण जास्त देईन.

पण तिथेच भोक निघालं. फॅमिली लिंकची वेळ असते मुलाच्या खात्याला. त्या टॅबवरच्या आजीच्या खात्याला ती कशी लागणार? सासूबाईंचा पिन म्हणजे आमच्या जुन्या लँडलाइनचे शेवटचे चार आकडे, घरातल्या भिंतींनाही पाठ. पोरगा स्वतःची वेळ संपली की आजीच्या खात्यात. आजीच्या यूट्यूबवर कीर्तनांच्या मध्ये माइनक्राफ्ट दिसायला लागलं तेव्हा प्रकार उघडकीला आला. "मी काही लावलेलं नाही हो," इति सासूबाई. पिन बदलला. नवा पिन त्यांनी विसरायला नको म्हणून कालनिर्णयवर लिहून ठेवला. पुन्हा बदलला. ज्यांच्या घरी मुलांना वेळेची मर्यादा आहे त्यांनी पाहुण्यांसाठीचं गेस्ट खातंही बंद करून टाका, त्याला तर पिनच नसतो.

आणि ही वेळ प्रत्येक उपकरणाला वेगळी मोजली जाते. रोजचा एक तास ठरवला असेल आणि मुलाने तेच खातं जुन्या फोनवरही उघडलं, तर तिथे आणखी एक तास. दोन टॅब घ्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता दुरुस्ती. चार्जिंगचा पोर्ट सैल झाला, केबल धरून बसलं तरच चार्ज. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, रीसेट करून द्या नाहीतर पिन लिहून द्या. पोर्ट बदलायला पिन कशाला? "टेस्टिंगला लागतो मॅडम." म्हटलं, गेस्ट खातं चालू करून देते, करा त्यात हवं ते टेस्टिंग. तर "पॉलिसी नाही". अर्धा तास घातला, शेवटी रीसेटवर, म्हणजे टॅब अख्खा पुसण्यावर आलं. आणि आमच्या टॅबवर सेटिंग्जमधून रीसेट करता येतं फक्त मुख्य खात्यातून. ते नवऱ्याचं. नवरा हिंजवडीत मीटिंगमध्ये. टॅब घेऊन घरी परत.

त्या रात्री धाकटीची चित्रं वाचवली. जीमेल, ड्राइव्ह, फोटो हे खातं पुन्हा जोडलं की येतं. तिच्या चित्रकलेच्या ॲपने मात्र सगळं टॅबमध्येच ठेवलेलं. एकेक चित्र उघडा, बाहेर काढा, तिच्या ड्राइव्हवर टाका. मुख्य खात्याच्या बॅकअपमध्ये बाकीच्यांचं काही येत नाही, हे टॅब घेताना कुणी सांगत नाही. पोर्टचे चौदाशे रुपये झाले, ते द्यायला माझी ना नव्हती. रीसेटचा राग आहे.

मात्र काल रात्री हाच राग थोडा उतरला. मुख्य खातं दुसऱ्याच्या नावावर करायची सोय नाही, टॅब पुसूनच नव्याने सुरुवात करावी लागते. टॅब पुसलेला होताच, म्हणून मी पहिलं खातं माझं केलं. आता युजर घालणं, काढणं, गेस्ट बंद ठेवणं, सगळं माझ्याकडे. नवरा दुसऱ्या नंबरवर. त्याचा तो फक्त रविवारी मॅच बघायला वापरतो, त्याचं काही बिघडलेलं नाही.

दोन मुलांसाठी एकच टॅब घेणार असाल तर 128 जीबीचा आणि 6 जीबी रॅमचा बघा. फरकाचे पैसे दुसऱ्या टॅबपेक्षा कमीच पडतील. 'किशोर'चे अंक मी आज दुपारी पुन्हा उतरवले. दोनदा.