'गो टेस्ट'ची हेल्प: माहिती पूर्ण, पण हाताशी नाही

गो या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या 'गो टेस्ट'ला, म्हणजे कोडच्या टेस्ट चालवणाऱ्या कमांडला, टूल म्हणून मी पाचपैकी पाच देईन. त्याच्या हेल्पला मात्र तीन. हा रिव्ह्यू त्या हेल्पचाच आहे. फोंड्याच्या आमच्या लहानशा ऑफिसात दर वर्षी कॉलेजातून नवी मुलं येतात, आणि त्यांनी टूलला पहिला प्रश्न विचारला की उत्तर देते ती हेल्प.

आम्ही काजूबिया खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर लिहितो. मार्च ते मे हंगामाचे दिवस. दर सारखा खालीवर होतो, सुधारणा घाईने कराव्या लागतात, म्हणून टेस्ट सतत चालवाव्या लागतात. पाऊस सुरू झाला की वेगळी अडचण. कुठे फांदी तारेवर पडते आणि नेट जातं. लॅपटॉपला बॅटरी असते, गो मशीनवरच असतं, पण शोधायला काही उरत नाही. अशा दुपारी टर्मिनलमधल्या हेल्पवरच सगळं भागवावं लागतं. शिवाय ती तुमच्याच मशीनवरच्या आवृत्तीची असते. टेस्ट उलटसुलट क्रमाने चालवणारा '-शफल' हा फ्लॅग (कमांडमागे जोडायचा पर्याय) 2021 मध्ये गो 1.17 सोबत आला, काही टेस्ट वगळणारा '-स्किप' 2023 मध्ये 1.20 सोबत. नेटवर वाचून जुन्या मशीनवर '-स्किप' दिला तर चालणार नाही. त्या मशीनची हेल्प तो दाखवणारच नाही. म्हणून नेट असतानाही मी मुलांना आधी हेल्प बघायला सांगते.

आता ती उघडूया. 'गो टेस्ट -एच' दिलं की दोन ओळी येतात: एक वापराची, कंसांनी भरलेली, आणि दुसरी सांगते की तपशिलासाठी 'गो हेल्प टेस्ट' आणि 'गो हेल्प टेस्टफ्लॅग' चालवा. एकही फ्लॅग नाही, एकही उदाहरण नाही. तिथून पुढे गेलं तर एकदम लांब मजकूर धो धो पडतो, पानापानाने थांबतही नाही. तो 'लेस'मध्ये (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या कमांडमध्ये) पाइप करायचा हे नव्या मुलाला कोणीतरी सांगावं लागतं. टेस्टची फंक्शनं कशी लिहायची ते आणखी वेगळं, 'गो हेल्प टेस्टफंक' मध्ये.

मजकूर मात्र उत्तम आहे, हे मनापासून सांगते. वाक्यं नेमकी, डिफॉल्ट काय ते स्पष्ट. '-टाइमआउट' दिला नाही तर मर्यादा 10 मिनिटांची, आणि शून्य दिलं तर मर्यादाच नाही, हे दोन ओळींत कळतं. नावावरून टेस्ट निवडणाऱ्या '-रन'चा परिच्छेद तर मला फार आवडतो. तिरपी रेघ देऊन सबटेस्टपर्यंत, म्हणजे टेस्टच्या आतल्या टेस्टपर्यंत, कसं पोचायचं ते आहेच, वर हेही आहे की 'एक्स/वाय' दिलं तर एक्सला जुळणाऱ्या सगळ्या टेस्ट चालतात, ज्यांच्यात वाय नाही त्यासुद्धा, कारण आत वाय आहे का हे बघायला त्या चालवाव्याच लागतात. इतकं कारणासकट सांगणारी हेल्प मी फारशी पाहिलेली नाही.

अडचण मांडणीची आहे. टेस्टफ्लॅगमधले फ्लॅग वर्णानुक्रमे लावलेत. त्यामुळे अगदी वर येतो वेग मोजणारा '-बेंच', जो आमच्याकडे क्वचितच लागतो. '-रन' खूप खाली, आणि टेस्टचा तपशील दाखवणारा '-व्ही' त्याहूनही खाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागणारे हे दोन फ्लॅग शोधायला फझिंग, कव्हरेज आणि सीपीयूचे फ्लॅग ओलांडून जावं लागतं.

कॅशचं, म्हणजे गो साठवून ठेवतं त्या आधीच्या निकालाचं, उदाहरण सगळ्यांत महत्त्वाचं, त्यावर जरा थांबते. वाळपईहून येणाऱ्या आमच्या एका ज्युनियरने टेस्ट डेटाबेसमधला दर बदलला आणि सगळ्या पॅकेजांच्या टेस्ट चालवल्या. निकाल तोच, शेजारी 'कॅश्ड' असा शब्द. "ताई, दर बदललाय, तरी पास कशी काय होते?" गो कोड बघतं, टेस्टने उघडलेल्या मॉड्यूलमधल्या फायली बघतं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही बघतं, डेटाबेसच्या आत काय बदललं ते त्याला कळत नाही. उपाय '-काउंट=1'. पोरगा हुशार, स्वतःच टेस्टफ्लॅगमध्ये जाऊन '-काउंट' वाचून आला. तिथे लिहिलंय की प्रत्येक टेस्ट इतक्या वेळा चालवा, डिफॉल्ट 1. मग डिफॉल्टच 1 असेल तर 1 देऊन फरक काय पडणार, असं त्याला वाटलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. कॅश टाळायची रूढ पद्धत '-काउंट=1' ही आहे, हे वाक्य दुसरीकडे, 'गो हेल्प टेस्ट' मध्ये आहे. पॅकेजचं नाव न देता नुसतं 'गो टेस्ट' चालवलं तर कॅश वापरलीच जात नाही, हेही तिथेच.

आणखी एक गोंधळ. 'गो टेस्ट -सी' ने टेस्टची बायनरी (थेट चालवता येणारी फाइल) बनवून तिला '-एच' दिलं, की हेच फ्लॅग 'टेस्ट.रन', 'टेस्ट.व्ही' अशा नावांनी समोर येतात, प्रत्येकापुढे एका ओळीचा अर्थ. तशी छोटी यादी मुख्य कमांडने का देऊ नये?

रस्ट भाषेच्या 'कार्गो टेस्ट -एच' मध्ये ऑप्शन गटागटाने येतात: पॅकेज निवडायचे वेगळे, टार्गेटचे वेगळे, कंपाइलचे वेगळे. तिथेही टेस्ट बायनरीचे ऑप्शन दोन डॅशांच्या पलीकडे राहतात, म्हणजे दोन हेल्पांचा त्रास त्यांनाही आहे. पायथन भाषेतल्या पायटेस्टची हेल्प लांबलचक, पण गट करून दिलेली, आणि शेवटी मार्कर व फिक्स्चर बघायची कमांड ती स्वतःच सांगते. वाचणारा तळाशी पोचतो तेव्हा पुढचं पाऊल त्याच्या डोळ्यांसमोर असतं. ही एक सवय गोने उचलावीच.

माझी मागणी मोठी नाही. '-एच' मध्ये त्या दोन ओळींच्या वर रोजचे सातआठ फ्लॅग यावेत, एकेका ओळीत: रन, व्ही, काउंट, शॉर्ट, फेलफास्ट, टाइमआउट, रेस, कव्हर. खाली तीन उदाहरणं: सगळी पॅकेजं, एकच टेस्ट (नावाला सुरुवातीची ^ आणि शेवटची $ खूण लावून, नाहीतर 'टेस्टबिल' सोबत 'टेस्टबिलरद्द'ही चालते), आणि एक सबटेस्ट. बाकीचा लांब मजकूर आहे तसाच राहू दे. त्याला कात्री लावू नका, जाणत्या माणसाला तो लागतो.

हा मजकूर गोच्या सोर्समध्येच, 'गो' कमांडच्या टेस्ट पॅकेजात साध्या स्ट्रिंगमध्ये लिहिलेला आहे, आणि 'ऑलडॉक्स' ही फाइल त्यावरून आपोआप तयार होते. त्यामुळे बदल अवघड नाही, फक्त शब्द मोजून मापून निवडावे लागतील. '-काउंट'च्या परिच्छेदात कॅशची एक ओळ घालायचा बदल आम्ही लिहायला घेतलाय. पहिला मसुदा वाळपईच्या त्या मुलानेच केलाय.