व्हॅनमधला १२ व्होल्टचा पाण्याचा पंप: चौदा महिने वापरून झाल्यावर

जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर करायला घेतला तेव्हा बेड, कपाटं, पडदे सगळं भराभर ठरलं, गाडी अडली ती पाण्यापाशी. आधी वाटलं टाकी छतावर ठेवू, पाणी आपोआप येईल. पण टाकीपासून नळापर्यंत जेमतेम एक मीटरची उंची, त्यातून दीड पीएसआयसुद्धा प्रेशर मिळत नाही, आणि वर साठ लिटर म्हणजे साठ किलो डोक्यावर घेऊन ताम्हिणी घाटाची वळणं घ्यायची, म्हणून तो विचार सोडला. टाक्या खाली घेतल्या, ३० लिटरचे दोन फूडग्रेड कॅन बुडाशी जोडून, आणि हा छोटा डायफ्राम पंप (आत रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा) आणला.

पंपावर मिनिटाला ४.३ लिटर लिहिलंय. मी पाच लिटरची बादली लावून मोजलं, १ मिनिट २० सेकंद लागले, म्हणजे पावणेचारच्या आसपास. भांडी घासायला, हात-तोंड धुवायला भरपूर आहे. शॉवरला मात्र जरा धीर धरावा लागतो. नळ बंद केला की ३५ पीएसआयला स्वतःच थांबतो, उघडला की चालू होतो, घरच्या नळासारखंच, आईला काही शिकवावं लागलं नाही. करंट तीन-चार अँपिअर घेतो, पूर्ण साठ लिटर उपसायला सोळा मिनिटं धरली तरी बॅटरीतून एक अँपिअर-अवरच्या आसपास जातं, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला हे काहीच नाही. त्यामुळे पंपाने बॅटरी उतरेल ही भीती काढून टाका.

पण पहिल्याच महिन्यात त्याने रडवलं. दिवेआगरला रात्री नळ बंद, तरी पंप धडधड चालूच. प्रेशर चढतंय पण जिथे पंप थांबतो त्या कटऑफपर्यंत पोचत नाहीये असं वाटत होतं. सकाळी चार स्क्रू काढून डोकं उघडलं तर आत रबराच्या व्हॉल्व्हखाली निळ्या प्लास्टिकची एक कुरळी चकती अडकलेली, नखाएवढी पण नाही. टाकीला भोक पाडताना उडालेला किस! ज्याने फिटिंग करून दिलं त्याने पंपाच्या आधी कचरा अडवायची जाळीच लावली नव्हती, आणि टाकी आतून धुतलीही नव्हती. चकती काढली, पंप पुन्हा नव्यासारखा थांबायला लागला. घरी आल्यावर पुण्याच्या बोहरी आळीतून पंपाच्या इनलेटला, म्हणजे पाणी आत शिरतं तिथे, आट्यावर बसणारी जाळी आणली, दीड-दोनशेचा मामला आहे, तेव्हापासून एकदाही त्रास नाही. पंप कुठलाही घ्या पण जाळीशिवाय चालू करू नका, आणि ती हाताला येईल अशा ठिकाणी लावा कारण महिन्याला उघडून धुवावी लागते.

दुसरी गोष्ट पाईपची. आधी सगळीकडे घरात वापरतात तसा सीपीव्हीसी सोल्युशनने चिकटवून टाकलेला, दिसायला एकदम नीट. गाडी सतत हादरते आणि कडक पाईपला तो हादरा जिरवता येत नाही, दोन ट्रिपमध्ये पंपाजवळचा एल्बो (काटकोनी जोड) गळायला लागला. आता पंपाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, आत धाग्यांची जाळी असलेला लवचिक पाईप, स्टीलच्या होज क्लिपा, आट्यांना टेफ्लॉन टेप. आवाजही त्याने निम्मा झाला. पंपाच्या पायाचे रबर मात्र स्क्रू आवळून चेपू नका, मग ते नसल्यासारखेच होतात. पाईप पारदर्शक घेऊ नका, खिडकीपाशी ऊन लागणारा माझा तुकडा तीन आठवड्यांत आतून हिरवा झाला, शेवाळ. तो काढून काळा टाकला.

आणि टाकीला हवा आत यायला छोटी नळी हवी हो. मी झाकण गच्च लावलं होतं तर कॅन पोट आत ओढल्यासारखा चेपला आणि नळाची धार बारीक होत गेली, मला वाटलं पंप गेला.

वायर २.५ स्क्वेअर एमएमची टाका, १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, आणि पंपाचा वेगळा स्विच दाराशी. झोपताना आणि गाडी चालवताना तो बंदच ठेवायचा, कारण एखादी क्लिप सुटली तर पंपाला वाटतं नळ उघडा आहे आणि तो सगळी टाकी लाकडी फ्लोअरवर ओतून मोकळा होतो.

नळ थोडासाच उघडला की पंप टक-टक करत चालू-बंद होतो, ही याची खरी उणीव. त्यासाठी पाऊण लिटरची छोटी प्रेशर टाकी पुढे जोडली, हवा भरून मिळते, पंप चालू होतो त्या प्रेशरपेक्षा थोडी कमी ठेवली. आता हात धुताना आधी त्या टाकीत दाबाखाली साठलेलं पाणी येतं, पंप लगेच चालू पण होत नाही. ही टाकी पंपाइतकीच महाग पडली पण वर्थ आहे.

सांडपाण्याला वेगळा ४० लिटरचा कॅन, किनाऱ्यावर साबणाचं पाणी सोडत नाही, घरी आणून मोरीत ओततो. प्यायचं पाणी या सिस्टीमचं नाहीच, त्याचा कॅन वेगळा.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो आवाजाचा, एवढं सगळं करूनही रात्री कोणी स्विच लावून नळ सोडला की धाकटी दचकून उठते, म्हणून आता झोपायच्या आधी एक तांब्या भरून ठेवतो. पुढच्या महिन्यात पंपाच्या खोक्याला आतून फोम लावून बघणार आहे, फरक पडला तर इथेच खाली लिहीन.