कोरियात डेमो: सोलला राहावं की मुजूला?

तायक्वांदोच्या डेमो टीमबरोबर, म्हणजे किक आणि फळ्या फोडण्याची प्रात्यक्षिकं करणाऱ्या संघाबरोबर, मुलांना कोरियाला न्यायचं ठरलं, की वाद सुरू होतो तो मुक्कामाचा. आठवडाभरात राजधानी सोल आणि डोंगरातलं मुजू, दोन्हीकडे नीट राहणं होत नाही. माझं मत आधीच सांगते: डेमो मनापासून करायचा असेल तर मुक्काम मुजूला हवा.

सोलची ओढ कुक्कीवॉनमुळे, म्हणजे तायक्वांदोच्या जागतिक मुख्यालयामुळे. गंगनममधल्या टेकडीवर ही वास्तू 1972 साली उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा तिथे झाली. ज्या दान (ब्लॅक बेल्टच्या श्रेणीच्या) सर्टिफिकेटसाठी आपली मुलं वर्षानुवर्षं घाम गाळतात, ते इथूनच निघतं. तिथे आत शिरताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. राजवाडे, बाजार, मेट्रो सगळं हाताशी. पण त्यातच दिवस जातो, आणि संध्याकाळच्या सरावाला मुलं पाय ओढत येतात.

मुजूचं तायक्वांदोवॉन हे तायक्वांदो केंद्र 2014 साली डोंगरात उभं राहिलं. राहणं, जेवण, सराव, संग्रहालय एकाच आवारात. सुमारे साडेचार हजार प्रेक्षकांचं टी-1 अरेनाही तिथेच; 2017 ची जागतिक स्पर्धा त्यात झाली.

एका आवारात राहण्याचा फायदा फळ्या फोडताना कळतो. बघणाऱ्यांचं लक्ष उडी मारणाऱ्याकडे असतं, पण निम्मं काम फळी धरणाऱ्याचं. लाकडाच्या रेषा न बघता धरली, की फळी फुटत नाही. कोपर ढिलं पडलं, की ती मागे सरकते आणि किक मारणाऱ्याचा पाय दुखावतो. खांद्यावर उभं राहून फळी धरायची असेल, तर खालच्याचे पाय, वरच्याचा तोल आणि धावत येणाऱ्याची पावलं एकाच मोजणीत बसावी लागतात. सकाळ-संध्याकाळ सगळे एकत्र असल्याशिवाय हे जमत नाही.

मुजूची अडचण म्हणजे अंतर. सोलहून रेल्वेने देजॉन, तिथून पुढे बस. संध्याकाळी बाहेर फिरायला फारसं काही नाही. लहान मुलं कंटाळतील, हे पालकांनी धरूनच चालावं.

संस्कृती बघायची तर मी सोलपेक्षा ग्योंगजू हे जुनं शहर निवडेन. तिथल्या सोक्कुराम गुहेतले आठव्या शतकातले द्वारपाल मूठ आवळून उभे आहेत. कुमगांग नावाचा पूमसे (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करणाऱ्या मुलांना त्यांच्यासमोर जरा वेळ थांबवाच. जवळच्या गोलगुल्सा मठात सनमुदो ही बौद्ध युद्धकला शिकवतात आणि पाहुण्यांना मुक्कामही करता येतो. शाकाहारी घरांसाठी ही मोठी सोय: मठाच्या जेवणात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. इतरत्र मात्र साध्या दिसणाऱ्या सूपचा रस्साही बऱ्याचदा सुक्या मासळीचा असतो आणि किमचीतही (आंबवलेल्या भाजीतही) बहुतेकदा मासळी असते, म्हणून दरवेळी विचारूनच घ्या.

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी, दोन्ही चालतील. जूनअखेर ते जुलै तिकडे पावसाचे दिवस. उघड्यावरचा डेमो तेव्हा ठेवू नका, ओल्या जमिनीवर फिरकी किक मारताना घोटे मुरगळतात.

फक्त तीन-चार दिवस हातात असतील, किंवा टीममध्ये बहुतेक मुलं अजून रंगीत बेल्टची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीची असतील, तर मात्र सोलच बरं. कुक्कीवॉन बघून ती पहिल्या दानसाठी पेटून उठतील. फळ्यांचा सराव इथे घरी आणखी वर्षभर होऊ द्या.