फंगो बॅट घ्यायची तर आखूडच घ्या

ज्या बेसबॉल कोचला रोज इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांना, शंभर-दीडशे चेंडू मारायचे आहेत, त्याने ३४ ते ३५ इंची, ६०० ग्रॅमच्या आतली लाकडी फंगो घ्यावी. ३७ इंची घेऊ नये. दुकानात लांब बॅट हातात घेतली की रुबाबदार वाटते, चेंडूही लांब जातो, आणि निवड नेमकी तिथे चुकते. फंगोचं काम चेंडू लांब पाठवण्याचं नाही. तोच चेंडू, त्याच वेगाने, त्याच टप्प्यावर पुन्हापुन्हा पाठवता यायला हवा.

फंगो म्हणजे बेसबॉलमध्ये कोच लोक सरावासाठी वापरतात ती बारीक, हलकी बॅट. एका हाताने चेंडू उडवायचा, दोन्ही हातांनी टोलवायचा आणि समोरच्याला झेल किंवा जमिनीलगतचा चेंडू द्यायचा. सामन्यात ती चालत नाही. व्यावसायिक खेळाडूची सामन्यातली बॅट साधारण ३३-३४ इंच लांब आणि ९०० ग्रॅमच्या आसपास असते. आखूड फंगो तेवढीच किंवा इंचभर जास्त लांब असते, पण वजन साधारण ५०० ते ६०० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक फटक्यामागे निदान ३०० ग्रॅम वाचतात. दोनशे चेंडूंच्या सरावात ते ६० किलो होतात, आणि हे सगळं ओझं मनगट, कोपर आणि खांद्यावरचं. शिवाय चेंडू उडवताना क्षणभर पूर्ण बॅट एकाच हातावर तोललेली असते. जड बॅट त्या क्षणी खाली झुकते, मग ती वर आणण्यासाठी खांदा उचलला जातो आणि चेंडूच्या वरच्या भागावर मारायचं ते मधोमध बसतं.

बॅरल, म्हणजे चेंडू लागतो तो भाग, बारीक असण्यामागे हेच कारण. पिचरने (गोलंदाजाने) टाकलेला चेंडू हुकू नये म्हणून सामन्यातल्या बॅटला जाडी लागते. इथे चेंडू स्वतःच उडवायचा असल्याने ती लागत नाही. त्यामुळे लाकूड कमी करून वजन उतरवलेलं असतं आणि दांडाही बारीक ठेवलेला असतो. म्हणूनच फंगोने पिचिंग मशीनचा किंवा कुणी जोरात टाकलेला चेंडू कधीही मारू नये. मुठीच्या वर चार-पाच इंचांवर ती मोडते. 'पहिल्याच आठवड्यात तुटली' अशी तक्रार ऐकली की आधी विचारावं, सराव संपल्यावर मुलांनी ती घेऊन बॅटिंग केली होती का?

आखूड फंगोने काय साधतं हे पाहायचं असेल तर अमेरिकी बेसबॉल कोच रॉन वॉशिंग्टन यांची कारकीर्द पाहावी. न्यू ऑर्लिन्सचा हा माणूस १९७० मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सच्या अकादमीतून आला. १९७७ मध्ये डॉजर्स संघाकडून मोठ्या लीगमध्ये (सर्वोच्च स्तरावर) उतरला, पुढे मिनेसोटाकडून सहा मोसम खेळला. खेळाडू म्हणून कारकीर्द मध्यमच. खरं काम सुरू झालं १९९१ पासून, मेट्सच्या खालच्या संघांचे कोच झाल्यावर. १९९६ ते २००६ ओकलंड, २००७ पासून २०१४ पर्यंत टेक्सास रेंजर्सचे मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक), त्यात २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत मजल. मग पुन्हा ओकलंड, २०१७ पासून अटलांटा ब्रेव्ह्ज, तिथे २०२१ चं विजेतेपद, आणि वयाच्या ७१ व्या वर्षी लॉस एंजेलिस एंजल्सचे मॅनेजर म्हणून नेमणूक. पद कोच असो की मॅनेजर, इनफिल्डच्या खेळाडूंचा हात घडवणं त्यांनी सोडलं नाही.

त्यांची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. खेळाडूला गुडघ्यावर बसवतात, स्वतः काही पावलांवर उभे राहतात, आणि फंगोने चेंडू इतका हळू ढकलतात की तो ग्लव्हच्या जरा पुढेच टप्पा घेतो. समोर, मग ग्लव्हच्या बाजूला, मग बॅकहँड, म्हणजे ग्लव्हच्या उलट बाजूला. पाय बाद केल्यामुळे फक्त हात आणि नजर काम करते. ते जमलं की उभं राहून, मग अंतर वाढवत. एवढ्या जवळून चेंडू द्यायचा तर बॅट एखाद्या चमच्यासारखी हलकी फिरली पाहिजे. ३७ इंची बॅटने हा ड्रिल करून पाहावा, टोक जमिनीला तरी लागतं नाहीतर चेंडू मुलाच्या छातीवर तरी जातो.

आणि याचा उपयोग होतो. ओकलंडचा तिसऱ्या बेसचा खेळाडू एरिक चावेझ याने २००१ ते २००६ ओळीने सहा गोल्ड ग्लव्ह (उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे वार्षिक पुरस्कार) मिळवले आणि त्यातला २००४ चा वॉशिंग्टन यांना देऊन टाकला. मार्कस सेमियनने २०१५ मध्ये शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागी) ३५ चुका केल्या होत्या. त्याच मोसमात वॉशिंग्टन ओकलंडला परतले आणि त्याच्यासोबत रोज मैदानावर लवकर उतरू लागले. २०२१ मध्ये टोरांटोकडून दुसऱ्या बेसवर सेमियनने गोल्ड ग्लव्ह घेतला. मेहनत अर्थातच खेळाडूची, पण अशा सरावात चेंडू दर वेळी नेमका पडला नाही तर मेहनत वाया जाते.

आता मारायचं कसं. उजव्या हाताच्या कोचने बॅट उजव्या हातात, खांद्याशी तयार धरावी. डाव्या हाताने चेंडू पुढच्या पायाच्या किंचित पुढे, डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवावा. त्याहून उंच उडवला की वाऱ्यावर हलतो आणि वाट पाहण्यात लय जाते. फार खाली ठेवला तर डावा हात मुठीवर पोचायच्या आत चेंडू कमरेखाली येतो. छोटं पाऊल, मग फटका. जमिनीलगत मारायचा तर चेंडूच्या वरच्या अर्ध्यावर, उंच झेल द्यायचा तर खालच्या अर्ध्यावर. नवशिका कोच जमिनीलगतचा चेंडू मारताना बॅट वरून खाली कुऱ्हाडीसारखी आणतो. मग चेंडू आपल्याच पायापाशी आपटून उंच उसळतो आणि शॉर्टस्टॉपला सामन्यात क्वचितच मिळेल असा चेंडू मिळतो. बॅट जवळजवळ सपाट फिरवावी, संपर्क तेवढा वर ठेवावा. चेंडू सारखा डावीकडे वळत असेल तर मनगटं लवकर उलटतायत. मूठ जरा ढिली करून पाहावी.

सगळ्यांत अवघड फटका कॅचरसाठीचा, म्हणजे बॅटरमागच्या खेळाडूसाठीचा, होम प्लेटच्या वर सरळ आकाशात. शाळा-कॉलेजांत सामन्याआधीच्या इनफिल्ड-आउटफिल्ड फेरीचा शेवट याच फटक्याने करतात. त्यासाठी चेंडू जवळजवळ डोक्यावर उडवून बॅट खालून वर न्यावी लागते. अनेक कोच इथे तीन-चारदा हुकतात. आखूड बॅट याही कामाला सोपी, कारण ती शरीराजवळून फिरते.

लाकडाबद्दल. जुन्या चांगल्या फंगो ॲशच्या. ॲश हलकं आणि लवचीक, चेंडू लागला की मनगटाला झिणझिण्या येत नाहीत. पण ते पापुद्र्यांनी सुटतं. वापरलेली ॲशची फंगो उजेडात तिरकी धरून पाहावी: टोकापासून वीतभर आत, जिथे चेंडू रोज बसतो तिथे ग्रेन्सच्या मधला मऊ भाग दबलेला असतो, कडक रेषा बोटाला जाणवतात आणि एखादी केसाएवढी चीर उचललेली असते. शिवणीचे अर्धगोल ठसे एकावर एक पडून तो भाग मातकट काळसर होतो. मुरलेल्या कोचच्या बॅटवर हा डाग चार बोटांत मावतो. डाग पार टोकापर्यंत पसरला असेल तर बॅट मालकासाठी लांब आहे असं खुशाल समजावं. उचललेल्या चिरेवर चिकटपट्टी गुंडाळून महिना-दोन महिने निघतात. चीर दांड्याकडे सरकू लागली की बॅट बाद करावी.

ॲशवर कंपनीची छाप आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवून मारायचं, म्हणजे चेंडू ग्रेन्सच्या कडेवर बसतो आणि पापुद्रे उशिरा सुटतात. क्रिकेटची बॅट सरळ ग्रेन्स मोजून घेणाऱ्यांना ही नजर आधीच असते. फरक इतकाच की इथे ग्रेन्स किती आहेत यापेक्षा त्या दांड्यापासून टोकापर्यंत सरळ धावतात का ते पाहायचं. दांड्यात तिरक्या निघून बाहेर पडणाऱ्या रेषा दिसल्या तर ती बॅट परत ठेवावी.

चांगलं ॲश आता पूर्वीसारखं मुबलक नाही. एमराल्ड ॲश बोअरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून त्याने उत्तर अमेरिकेतली ॲशची झाडं कोट्यवधींनी मारली. म्हणून मेपल आणि बर्चच्या फंगो वाढल्या. मेपल कडक, पापुद्रे सुटत नाहीत, पण चुकीच्या जागी लागला तर हाताला जोरात कळतं, आणि मोडतं तेव्हा एकदम मोडतं. बर्च या दोघांच्या मध्ये. हवा दमट असेल आणि पावसात बॅट ओली होणारच असेल तर ॲल्युमिनियम टिकाऊ. मात्र तिच्यावरून चेंडू जरा जास्त उसळून जातो, त्यामुळे जवळचे हळू चेंडू देताना ताबा कमी पडतो. वॉशिंग्टन पद्धतीच्या ड्रिलसाठी लाकूडच बरं.

लांब फंगो टाकाऊ नाही. आउटफिल्डला २५०-३०० फुटांवर उंच झेल द्यायचे तर ३६-३७ इंची बॅट अंगावरचा ताण कमी करते. ज्या संघाला दोन कोच आहेत त्यांनी दोन घ्याव्यात. एकट्याने सगळं पाहणाऱ्याने आखूड घेऊन आउटफिल्डच्या वेळी वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन उभं राहावं.

फंगोवर ज्याचा हात बसला त्याचं नाव घ्यायचं तर जिमी रीझ यांचं. १९०१ चा जन्म, १९३०-३१ मध्ये यांकीज संघाकडून खेळले. १९७२ मध्ये सत्तरीत एंजल्सचे कोच झाले आणि १९९४ मध्ये ९२ व्या वर्षी निधन होईपर्यंत तेच काम करत राहिले. ते आपल्या फंगो स्वतः घडवत, आणि बॅट उभी चिरून तिला एक सपाट बाजू ठेवत. सपाट बाजूला गोलाई नसते, त्यामुळे चेंडू निसटून तिरका जात नाही आणि दिशेवर ताबा येतो. नामवंत पिचर नोलन रायनने आपल्या मुलाचं नाव रीझ ठेवलं, एंजल्सने त्यांचा ५० क्रमांक कायमचा निवृत्त केला. सपाट बाजूची बॅट हात बसलेल्यांसाठी आहे. चेंडू दर वेळी बरोबर त्याच तोंडावर यावा लागतो, म्हणून नवशिक्याने गोल बॅरलपासूनच सुरुवात करावी.

अमेरिकेत मुलांच्या लीगमध्ये मदतीला उभे राहणाऱ्या मराठी पालकांना क्रिकेटचा हात असतो, तो इथे आड येतो. क्रिकेटमध्ये झेल द्यायला वरचा हात बॅट चालवतो, फंगोत बॅरलकडचा हातही तेवढंच ओढतो. पहिले पन्नास चेंडू भिंतीवर मारून घ्यावेत. उलट, ही बॅट क्रिकेटच्या झेलांच्या सरावासाठी घेण्याचा विचार असेल तर टेनिस बॉल ठीक. लेदरचा चेंडू बेसबॉलपेक्षा १०-१५ ग्रॅम जड असतो आणि त्याची उठलेली शिवण बारीक ॲशमध्ये लवकर खड्डे पाडते. तिथे मेपल घ्यावं.

घेताना एवढं करावं: बॅट एका हाताने मुठीजवळ आडवी धरून मनात तीसपर्यंत मोजावं. टोक खाली झुकू लागलं तर इंचभर आखूड बॅट मागावी. छापलेल्या वजनावर जाऊ नये. एकाच वजनाच्या दोन लाकडी बॅटांचा तोल वेगळा असू शकतो, आणि टोकाला वाटीसारखं कोरलेली बॅट बहुतेक वेळा हाताला हलकी लागते. मुठीवर पातळ चिकट टेप गुंडाळावा, जाड ग्रिप नको. घरी आणल्यावर उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. ओली झाली तर पुसून आडवी, सावलीत वाळवावी.